गांजाचा वाद आणि एक किलोची मोजपट्टी

मा. संपादक,
सस्नेह नमस्कार.

गांजाला परवानगी द्यावी का, या विषयावर वृत्तपत्रांत येणारी पत्रं बहुधा दोनच वाटांनी जातात. एक वाट शंकराच्या चिलमीपासून निघते आणि थेट कॅनडात जाऊन पोचते. दुसरी ‘तरुण पिढी बरबाद होईल’ इथे सुरू होते आणि तिथेच संपते. मतं दोन्हीकडे ठाम असतात. पण आपल्या कायद्यात गांजा कशाला म्हणतात, तो मोजतात कसा आणि किती वजनाला किती शिक्षा आहे, हे क्वचितच कुणी सांगतं. माझ्या मते खरा घोळ त्या मोजमापातच आहे, म्हणून थोडं लांबलं तरी पत्र तिथूनच सुरू करतो.

१९८५ चा अमली पदार्थविरोधी कायदा, ज्याला ठाण्यापासून कोर्टापर्यंत सगळे ‘एनडीपीएस’ म्हणतात, भांगेच्या झाडाची वाटणी करतो. झाडाची वेगळी काढलेली राळ म्हणजे चरस. फुलोरा किंवा फळं धरलेले शेंडे म्हणजे गांजा. बी आणि पानं शेंड्यांसोबत आलेली नसतील तर ती या व्याख्येत बसतच नाहीत. ही वाटणी १९६१ च्या संयुक्त राष्ट्रांच्या करारातून आली आहे. पानं करारातूनच वगळलेली होती, आणि ज्या देशांत गांजाचा पूर्वापार वापर होता त्यांना तो बंद करायला करार लागू झाल्यापासून पंचवीस वर्षांची मुदत होती. करार डिसेंबर १९६४ मध्ये लागू झाला, म्हणजे मुदत १९८९ ला संपत होती. आपण चार वर्षं आधीच कायदा केला. बनारसला भांगेचं सरकारमान्य दुकान दिसतं ते पानांच्या या सवलतीमुळे.

पण बनारसचा न्याय महाराष्ट्राला लागू नाही. आपल्याकडे १९४९ चा दारूबंदी कायदा आहे आणि त्याखाली परवान्याशिवाय भांग बाळगणं हाही गुन्हा ठरतो. होळीच्या थंडाईत ती मिसळणाऱ्या मंडळींना हे ठाऊक नसतं, किंवा ठाऊक असून सोयीने विसरलं जातं. ‘१९८५ पर्यंत देशभर गांजा राजरोस मिळत होता’ हे समर्थकांचं आवडतं वाक्यही याच कायद्यापाशी अडतं. काही प्रांतांत परवान्याची दुकानं होती हे खरं, पण जुन्या मुंबई राज्यात बंदी एनडीपीएसच्या कितीतरी आधीची आहे.

आता वजनं. ऑक्टोबर २००१ च्या केंद्राच्या अधिसूचनेनुसार गांजाची ‘अल्प मात्रा’ १ किलो आणि ‘व्यापारी मात्रा’ २० किलो. चरसाला हेच आकडे १०० ग्रॅम आणि १ किलो असे आहेत. अल्प मात्रेला जास्तीत जास्त एक वर्ष किंवा दहा हजार दंड किंवा दोन्ही, मधल्या मात्रेला दहा वर्षांपर्यंत सक्तमजुरी, आणि व्यापारी मात्रेला किमान दहा, कमाल वीस वर्षं. नुसत्या सेवनाला कलम २७ खाली सहा महिन्यांपर्यंत. अल्प मात्रेची शिक्षाही पूर्वी सहा महिनेच होती. २०१४ च्या दुरुस्तीत ती वर्षाची झाली. त्यामुळे आज गंमत अशी आहे की पुडी ओढून संपवली तर सहा महिने आणि खिशात शिल्लक राहिली तर वर्ष.

एक किलो हा आकडा जरा डोळ्यांसमोर आणा. एका सिगारेटीत अर्धा ग्रॅम गांजा धरला तर एका किलोत दोन हजार सिगारेटी होतात. हा कुणाच्या वैयक्तिक वापराचा साठा नव्हे. तरीही कॉलेजच्या फाटकाबाहेर नऊशे ग्रॅमच्या पुड्या घेऊन उभा असलेला विक्रेता आणि त्याच्याकडून पाच ग्रॅम घेणारा विद्यार्थी कायद्याच्या एकाच खणात बसतात, कारण खण वजनाचा आहे, हेतूचा नाही. वर मुंबई उच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०२० मध्ये स्पष्ट केलं की या कायद्याखालचे सगळेच गुन्हे अजामीनपात्र आहेत. म्हणजे पाच ग्रॅमवाल्यालाही अटक आणि कोर्टात जामीन अर्ज. अशा प्रकरणांत बरेच जण गुन्हा कबूल करतात, दंड भरतात आणि सुटलो म्हणून घरी जातात. ते सुटलेले नसतात. दोषसिद्धीची नोंद राहते आणि नोकरीच्या किंवा पासपोर्टच्या पोलीस पडताळणीत ती वर येते. पुडीवाला मात्र तोच दंड धंद्याचा खर्च म्हणून मांडतो.

दुसऱ्या टोकाला शेत आहे. धुळे जिल्ह्यातल्या शिरपूर तालुक्यात, डोंगराकडच्या भागात, कपाशी-तुरीच्या आडोशाने लावलेला गांजा उपटल्याच्या बातम्या दर हंगामात येतात. पंचनाम्यात वजन लिहिलं जातं ते बहुतेक वेळा मुळासकट उपटलेल्या, ओल्या झाडांचं. देठ, काड्या, मोठी पानं, कधी मुळाला चिकटलेली मातीसुद्धा काट्यावर चढते. ओला माल वाळला की वजनाचा तीन-चतुर्थांश किंवा जास्त भाग पाणी म्हणून उडून जातो. म्हणजे वीस किलो ओल्या झाडांचे वाळून चार-पाच किलो उरतात, आणि त्यातून काड्या-पानं वजा केली की कायद्याच्या व्याख्येतला फुलोरा त्याहून कितीतरी कमी. पण कागदावर २० किलोच्या वरचा आकडा आला की कलम ३७ लागतं, आणि आरोपी निर्दोष असावा असं मानायला वाजवी कारण आहे, याबद्दल न्यायालयाचं समाधान होईपर्यंत जामीन मिळत नाही.

खरं तर लागवडीसाठी वेगळं उपकलम आहे : २० (अ), दहा वर्षांपर्यंत शिक्षा, वजनाचा संबंधच नाही. कलम ३७ च्या कडक अटी ज्या गुन्ह्यांना लागतात त्या यादीत हे उपकलम नाही. म्हणूनच झाडांचं वजन करून २० (ब), म्हणजे गांजा बाळगण्याचं, वजनावर चालणारं उपकलम जोडलं जातं. शेंडे वेगळे न करता केलेल्या वजनावर उच्च न्यायालयांनी वेळोवेळी बोट ठेवलं आहे आणि त्या मुद्द्यावर जामीनही दिले आहेत. सरकारी पक्ष उत्तरादाखल सर्वोच्च न्यायालयाच्या २०२० च्या हिरा सिंग निकालाकडे जातो. पावडरीत भेसळ असली तरी वजन सगळ्या मिश्रणाचं धरायचं, असं तो निकाल सांगतो. पण झाडाचा देठ म्हणजे कुणी मिसळलेली भेसळ नव्हे. व्याख्येबाहेरची वस्तू व्याख्येतल्या वस्तूला चिकटून उगवली आहे, इतकंच.

नमुन्याचंही तसंच. नियमाप्रमाणे गांजाचा नमुना २४ ग्रॅमचा, दोन प्रतींत, आणि कलम ५२ अ नुसार दंडाधिकाऱ्यांसमोर काढायचा. प्रयोगशाळेला विचारलं जातं ते ‘हा गांजा आहे का’. नशा आणणाऱ्या टीएचसीचं प्रमाण किती, हा प्रश्न शिक्षेच्या हिशेबात कुठेच येत नाही. मग शेतातला काडी-कचऱ्याचा माल आणि बंद खोलीत दिव्यांखाली वाढवलेला ‘हायड्रो’ एकाच तराजूत बसतात. दारूच्या बाबतीत बिअर आणि देशी एका मापाने मोजायला राज्य उत्पादन शुल्क विभाग कधी तयार होईल का?

इथे समर्थकांकडे वळायला हवं, कारण ‘गांजा दारूपेक्षा बरा’ या मांडणीत नेमका हाच तीव्रतेचा मुद्दा निसटतो. एम्सने केंद्रीय सामाजिक न्याय मंत्रालयासाठी केलेल्या, २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीत १० ते ७५ वयोगटातल्या २.८ टक्के लोकांनी, म्हणजे सुमारे ३.१ कोटींनी, वर्षभरात भांग, गांजा किंवा चरस घेतल्याचं आढळलं. दारू घेणारे १४.६ टक्के, सुमारे १६ कोटी. दारूमुळे मदतीची गरज असलेले ५.७ कोटी, गांजा-भांगेमुळे ७२ लाख. आकडे समर्थकांच्या बाजूचे दिसतात. पण दारू परवान्याने मिळते आणि गांजा तुरुंगाची भीती घालून रोखलेला आहे, हे विसरून तुलना करता येत नाही. शिवाय ७२ लाख ही काही किरकोळ संख्या नव्हे.

व्यसन लागतच नाही, हेही खरं नाही. आयुष्यात कधीतरी ओढून पाहणाऱ्यांपैकी सुमारे ९ टक्क्यांना अवलंबित्व येतं. किशोरवयात सुरुवात करणाऱ्यांत ते प्रमाण सहात एकाच्या आसपास जातं. सोडताना दारूसारखा जीवघेणा त्रास होत नाही, पण चिडचिड, निद्रानाश, भूक मरणं हे पहिल्या आठवड्यात जोर करतं आणि दोन-तीन आठवडे टिकू शकतं. आपल्याकडे गांजा बहुधा तंबाखूत मळून ओढतात. त्यामुळे सोडणारा एकाच वेळी निकोटिनशीही झगडत असतो, आणि व्यसनमुक्ती केंद्रात हा धागा सुटला की महिन्याभरात माणूस परत तिथेच. मनोविकाराचा धोका सगळ्यांना सारखा नाही. पण युरोप आणि ब्राझीलमधल्या ११ ठिकाणी झालेल्या, २०१९ मध्येच प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात १० टक्क्यांहून अधिक टीएचसी असलेला माल रोज ओढणाऱ्यांत तो कधीही न ओढणाऱ्यांच्या तुलनेत जवळपास पाचपट निघाला. घरात कुणाला तसा आजार असेल त्याने तर या वाटेलाच जाऊ नये.

समर्थक १८९३-९४ च्या ब्रिटिश भांग-गांजा आयोगाचा दाखला देतात. आयोगाने ११९३ साक्षी घेतल्या आणि माफक सेवनाने विशेष अपाय होत नाही, सरसकट बंदीची गरज नाही, असा निष्कर्ष काढला, हे बरोबर. पण त्याच अहवालाने अतिसेवन घातक मानलं आणि लागवडीवर नियंत्रण, परवाने व कर सुचवले, हे पुढचं पान कुणी वाचत नाही. त्या काळातला माल आणि आजचा मालही एक नव्हे. एकट्या अमेरिकेत पकडलेल्या मालातलं सरासरी टीएचसी १९९५ मध्ये ४ टक्के होतं, २०१४ मध्ये ते १२ टक्के झालं.

महसुलाचा मुद्दा तर मला सगळ्यात पोकळ वाटतो. दुकानं उघडली की काळाबाजार आपोआप बंद पडतो असं नसतं. नेदरलँड्समध्ये कॉफीशॉपच्या पुढच्या दाराने माणशी पाच ग्रॅम विकायला सरकारने डोळेझाक केली, पण मागच्या दाराने माल आणणं बेकायदाच ठेवलं. परिणामी दुकान उजळ आणि पुरवठादार गुन्हेगार, असा संसार तिथे अनेक दशकं चालला. कॅलिफोर्नियाने मोकळीक दिली, मात्र कर इतके आणि स्थानिक बंधनं इतकी की बेकायदा माल स्वस्त राहिला आणि टिकलाही. कॅनडात १७ ऑक्टोबर २०१८ पासून विक्री खुली झाली. तिथे कायदेशीर बाजाराने हळूहळू पाय रोवले, पण गोळ्या-चॉकलेटं आली तशी लहान मुलांनी ती चुकून खाऊन रुग्णालयात येण्याची प्रकरणंही वाढली. खाल्लेल्या मालाचा असर चढायला अर्धा ते दोन तास लागतात. ‘काहीच होत नाही’ म्हणून माणूस दुसरा तुकडा खातो आणि मग दोन्ही एकदम चढतात. आपल्याकडे भांगेच्या गोळीने होळीला हेच होतं.

आपल्या दृष्टीने सगळ्यात जवळचं उदाहरण थायलंडचं. जून २०२२ मध्ये त्यांनी गांजा अमली पदार्थांच्या यादीतून काढला आणि विक्रीचे सविस्तर नियम मागाहून करू म्हणून ठेवले. नियम आलेच नाहीत, दुकानं मात्र हजारोंनी उघडली. जून २०२५ मध्ये त्यांना डॉक्टरच्या चिठ्ठीची अट घालून मागे फिरावं लागलं. मधल्या काळात बँकॉकहून येणाऱ्या प्रवाशांच्या बॅगांत मुंबई विमानतळावर कस्टम्सला हायड्रो गांजा सापडू लागला, तो वारंवार. शेजारच्याने दार उघडं टाकलं की वारा आपल्याही घरात येतो.

शेतकऱ्यांच्या नावाने होणारा युक्तिवादही तपासून घ्यायला हवा. कलम १४ खाली धागा आणि बियाण्यासाठी भांगेची लागवड करायला आजही वाव आहे. उत्तराखंडने टीएचसी ०.३ टक्क्यांच्या आत ठेवण्याच्या अटीवर तसे परवाने दिले, आणि हिमाचल प्रदेशही त्या दिशेने निघाला आहे. अडचण अशी की देशी बियाण्याला ही मर्यादा पाळणं अवघड जातं. चाचणीत प्रमाण वर गेलं की उभं पीक नष्ट करावं लागतं आणि नुकसान शेतकऱ्याचं. धाग्याची भांग दाट पेरतात, फुलोऱ्याची विरळ लावून नर झाडं उपटून टाकतात. दोन्ही एकाच शिवारात नांदत नाहीत, कारण वाऱ्यावर येणारे परागकण फुलोऱ्यात बी भरवतात. आणि धाग्यासाठी खोड पाण्यात कुजवावं लागतं. अंबाडी आणि ताग आपल्या शेतकऱ्याला पिढ्यान्‌पिढ्या माहीत आहेत, तरी कुजवायला पाणी आणि सोलायला मजूर नसल्याने धाग्यासाठी ती फारशी कुणी घेत नाही. तेच खोड भांगेचं झालं म्हणून पाणी कुठून येणार? नोव्हेंबर २०२१ पासून भांगेचं बी, तेल आणि पीठ खाद्यपदार्थ म्हणून मान्य झालं आहे, त्यात थोडी कमाई असू शकेल. पण त्यासाठी गांजा खुला करावा लागत नाही.

औषधाचंही असंच वेगळं काढून पाहावं. मुलांच्या काही दुर्धर अपस्मारांवर सीबीडीपासून (भांगेच्या झाडातला, नशा न आणणारा घटक) बनवलेलं औषध अमेरिकेत २०१८ मध्ये मान्य झालं. केमोथेरपीतल्या मळमळीवर टीएचसीसारखी औषधं आधीपासून आहेत. आयुर्वेदात विजया, म्हणजे भांग, आहे, पण शोधन (शुद्धीकरण) करून आणि वैद्याच्या देखरेखीखाली. डिसेंबर २०२० मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या आयोगाने २७ विरुद्ध २५ मतांनी गांजाला सर्वांत कडक परिशिष्टातून काढलं, तेव्हा भारताने बाजूने मत दिलं ते याच वैद्यकीय कारणाने. त्याचा अर्थ ‘भारताने गांजाला होकार दिला’ असा समाजमाध्यमांवर फिरवला जातो, तो चुकीचा आहे.

आता विरोधकांशी दोन शब्द. शिक्षा सैल केली की सगळे ओढू लागतील, हा तुमचा मुख्य आक्षेप. पोर्तुगालने जुलै २००१ पासून दहा दिवसांच्या वापराइतका साठा, गांजाच्या बाबतीत २५ ग्रॅम, फौजदारी गुन्ह्यातून काढला. सापडलेल्या माणसाला तीन सदस्यांच्या समितीपुढे उभं करतात; तिथे उपचार, समज किंवा दंड ठरतो. विक्री अजूनही गुन्हाच आहे. तिथे आकाश कोसळलं नाही. जर्मनीने एप्रिल २०२४ पासून प्रौढांना २५ ग्रॅमपर्यंत जवळ बाळगायला मुभा दिली, पण चौकाचौकात दुकानं उघडली नाहीत. कॅनडाची सार्वजनिक जागी बाळगायची मर्यादा ३० ग्रॅम. या तीन देशांचे आकडे २५ ते ३० मध्ये येतात आणि आपली ‘अल्प मात्रा’ हजार ग्रॅम, याचा विचार तुम्हीही करा. आपण वापरणाऱ्याला गरजेपेक्षा जास्त आणि विकणाऱ्याला गरजेपेक्षा कमी शिक्षा करतो आहोत.

आपल्याच कायद्यात उपचाराची वाट आहे. कलम ६४ अ नुसार सेवनाच्या किंवा अल्प मात्रेच्या गुन्ह्यात सापडलेला व्यसनी स्वेच्छेने मान्यताप्राप्त केंद्रात उपचार घेईल, तर त्याच्यावर खटला चालत नाही. उपचार अर्धवट सोडले तर ही सवलत काढून घेता येते. पण अटकेच्या वेळी हे कलम आरोपीला समजावून सांगणारा माणूस विरळा. पालकांना ठाऊक नाही, आणि पहिल्या तारखेला घाईत उभ्या राहिलेल्या वकिलालाही ते अनेकदा आठवत नाही. १४४४६ ही व्यसनमुक्तीची राष्ट्रीय हेल्पलाइन आहे, तो क्रमांक निदान ठाण्याच्या भिंतीवर तरी असावा.

एक अडचण मात्र कुठल्याच बाजूला सुटलेली नाही, ती रस्त्यावरची. नाक्यावरचं श्वास तपासणारं यंत्र गांजा पकडत नाही. लघवीच्या चाचणीत अंश सापडतात, पण अधूनमधून ओढणाऱ्याच्या लघवीत काही दिवस आणि रोज ओढणाऱ्याच्या लघवीत महिनाभरसुद्धा. रक्तातलं टीएचसी आणि गाडी चालवण्यातली चूक यांचं नातं दारूसारखं सरळ नाही. ड्रायव्हरने काल ओढली की आत्ता, हे सिद्ध करायचं कसं, याचं उत्तर नसताना दुकानांची भाषा मला तरी पटत नाही.

म्हणून माझी मागणी मधलीच आहे, आणि ती दोन्हीकडच्यांना रुचणार नाही. दुकानं, जाहिराती, चॉकलेटं काहीही नकोत. २५ ग्रॅमपर्यंतचा साठा आणि सेवन यांसाठी तुरुंग व दोषसिद्धीची नोंद काढून दंड किंवा समुपदेशन असावं. त्यावरच्या वजनाला आणि कोणत्याही वजनाच्या विक्रीला शिक्षा राहावी. शेतातल्या झाडांचं वजन शेंडे वेगळे करून, वाळवून, आणि पंचनाम्यात तसं स्पष्ट लिहूनच धरावं. प्रयोगशाळेच्या अहवालात टीएचसीचं प्रमाण असावं.

यातला पहिला भाग संसदेशिवाय होणार नाही, कारण कलमं बदलावी लागतील. सामाजिक न्याय मंत्रालयाने २०२१ मध्ये तशा दिशेने सूचना केल्याच्या बातम्या आल्या होत्या. पुढे काही हललं नाही. पण वजनाच्या मर्यादा कायद्यात लिहिलेल्या नाहीत. त्या केंद्राच्या अधिसूचनेत आहेत आणि नव्या अधिसूचनेने बदलता येतात, त्यासाठी अधिवेशनाची वाट पाहावी लागत नाही. २००१ च्या त्या तक्त्यात गांजाची नोंद ५५ व्या क्रमांकावर आहे. समर्थक आणि विरोधक दोघांनीही आपापल्या खासदारांना पत्रं लिहायचीच असतील, तर आधी त्या ओळीबद्दल लिहावीत.

आपला,
एक नियमित वाचक, धुळे